तांबेऱ्याच्या साली सुनेचं बी

रावजी गाजरे म्हणजे निफाडकडचा अस्सल हेकट म्हातारा. गव्हाचं घरचं बी त्यानं बापाच्या काळापासून राखलेलं. त्याची पोळी किती मऊ, हे पाहुण्याचा घास तोंडात असतानाच ऐकवायचा! मुलगा महेश सातपूरच्या कारखान्यात, म्हणून वावर सासऱ्याच्या आणि सुनेच्या अंगावर. राबायला ज्योत्स्ना बरोबरीनं, पण तिला विचारतो कोण?

त्या दिवाळीला ज्योत्स्ना माहेराहून नव्या वाणाचं पोतं घेऊनच परतली. "नाना, ह्याला तांबेरा धरत नाय. माझ्या भावानं, हिरामणदादानं पेरून पाहिलंय."

"माहेरचं बी आमच्या वावरात?" रावजी उसळला. पण सूनही काही कमी नव्हती. शेवटी एका एकरात त्याचं बी, एकात तिचं, असं ठरलं. "तुझं फसलं, तर पुन्हा शेतीच्या गोष्टीत तोंड घालायचं नाय."

"कबूल," ती म्हणाली.

थंडीत दोन्ही गहू सारखेच डोलत होते. सुनेचा हट्ट फुकट गेला, असं म्हणत गाव हसलं. मग आभाळ भरलं, धुकं हटेना, आणि पानांवर विटकरी भुकटी धरणारा तांबेरा रोग आलाच. रावजी आपल्या गव्हातून बाहेर आला तो पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत विटकरी करूनच. तसाच तो सुनेच्या एकरात शिरला. पानापानावर बोट फिरवत पार टोकापर्यंत गेला. बोट स्वच्छ! ज्योत्स्नाला नाचावंसं वाटलं, पण म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिनं हसू आवरलं.

काढणीला त्याचा दाणा सुरकुतलेला, जेमतेम सात क्विंटल. तिचा टपोरा, सोळा. "पोळी जरा चिवट हाय," रावजी कुरकुरला आणि तिसरी वाढून घेतली.

पुढच्या पेरणीला सगळ्या वावरात नवंच बी होतं. पेरणी आता ट्रॅक्टरनं होते, तरी पहिली मूठ घरच्या कर्त्यानं टाकायची, ही त्या घरची रीत. शेजारपाजारचे बांधावर जमलेले. रावजीनं बियाण्याचं घमेलं उचललं आणि थेट सुनेपुढं धरलं.

"टाक पोरी," सगळ्यांना ऐकू जाईल असा तो गरजला. "ह्या वावरात काय पेरायचं, ते हितून पुढं तू सांगायचं."

ज्योत्स्नानं पदर खोचला, डोळे पुसले आणि गच्च मूठ भरून घेतली.