द्राक्षाच्या मांडवाखाली परीक्षा

शनिवारी सकाळपासून फोन सारखा वाजत होता... "काका, टेम्पो निघाला!" "काका, वळण चुकलो!" मी इथे फारसं लिहीत नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी पत्नी सुनंदा नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिचा एक हट्ट होता... शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ज्याच्यासाठी केलाय, त्याच्या जागेवर चालवून दाखवायचा. लॅबच्या गुळगुळीत फरशीवर नाही.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. विभागप्रमुख सर मला म्हणाले, "यंदा करून बघू. नाही जमलं, तर पुढच्या वर्षापासून लॅबमध्येच तपासू." मी लगेच जागा शोधायला लागलो. पण शनिवारी पोरांपेक्षा मलाच जास्त धाकधूक होती.

दिंडोरीला माझ्या चुलतभावाची, शरददादाची द्राक्षबाग आहे. मुलांनी बॅटरीवर चालणारी गाडी केली होती, द्राक्षांचे क्रेट ओळीतून आपली आपण बाहेर आणणारी. रस्ता ओळखायला उंच दांड्यावर कॅमेरा.

गाडी निघाली... टाळ्या पडल्या... आणि थोडं पुढे जाताच कॅमेरा थेट घडात अडकला! मणी टपाटप खाली, गाडी जागच्या जागी गोल गोल.

"थांबव तिला पोरी! एक्स्पोर्टचा माल हाय माझा!" दादा ओरडला.

टीमची लीडर पूर्वा रडवेली झाली. "आम्ही उंची मोजली होती हो... ऑक्टोबरात, छाटणी झाल्यावर."

दादाला हसूच आवरेना. "छाटणीनंतर बाग उघडी असते गं! नवरदेव बोडका मोजला, आता फेटा बांधल्यावर दारात अडकला... तशी गत हाय तुमची."

पोरंही हसली, पण तोंडं उतरलेलीच. सर घड्याळाकडे बघायला लागले. मला सारखं वाटत होतं, पुढे व्हावं, दांडा काढा म्हणावं, काहीतरी करावं...

तेव्हा सुनंदा आठवली. मुलं अडली की ती हात मागे बांधून उभी राहायची. मी चिडवायचो, तर म्हणायची, "हात मोकळे राहिले की मीच स्क्रूड्रायव्हर घेते. मग ती काय शिकणार?"

मीही हात मागे बांधले.

पोरांची चांगलीच जुंपली. कॅमेरा खाली घेतला तर रस्ता दिसणार नाही, असं ओंकारचं म्हणणं. "रस्ता कशाला हवा?" पूर्वा एकदम म्हणाली. "वेलींची खोडं दिसतील ना! घड वाढतात, पानं हलतात... खोड कुठे जातंय?"

मग काय विचारता! कोणी दांडा सोडवतंय, कोणी लॅपटॉप मांडीवर घेऊन मातीतच बसलंय. कॅमेरा पुढच्या बाजूला, पार खाली, दादाच्या सुतळीने बांधला.

गाडी निघाली. घडांच्या खालून, क्रेट घेऊन, सरळ... ओळीच्या टोकापर्यंत! पोरं ओरडत मागे धावली, आणि त्यांच्यामागे बूट चिखलाने माखलेले आमचे सर!

परत येताना सर धापा टाकत दादाला म्हणाले, "तिसऱ्या वर्षाच्या मुलांना सोमवारीच पाठवतो. घड आहेत तोवर पुढच्या वर्षासाठी माप घेऊन ठेवू देत."

तेवढ्यात पूर्वा माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुम्ही अगदी मॅडमसारखे उभे आहात."

खरंच... माझे हात अजून मागेच बांधलेले होते. मग सोडले. टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या ना.