फणसाची एकच फळी

लाकडावर नाव कोरायची माझी एक रीत आहे आणि ती मी कुणाच्या सांगण्यावरून बदललेली नाही. अक्षरांचे फर्मे मी स्वतः प्लायवूडमधून कापलेत. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझं अक्षर वाकडं आहे असं अख्ख्या मुळशीत कुणी दाखवून द्यावं. फर्मा फळीवर आवळायचा आणि त्याच्या कडेनं लाकूड कोरायचं राउटर मशीन फिरवायचं, की अक्षर लाकडात खोल उतरतं. डोक्यावरची रेघ मात्र मी फर्म्यात ठेवत नाही. सगळी अक्षरं झाली की वरच्या अंगाला सरळ पट्टी आवळतो आणि तिला मशीन टेकवून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रेघ ओढतो. मध्ये थांबलं की जोड दिसतो.

त्या दिवशी समोर फणसाची फळी होती, आमच्याच गावातल्या एका बाईंची. त्यांच्या मालकांनी लावलेला फणस रस्ता रुंद करताना गेला. मालक त्याच्या आधीच गेलेले. खोड चिरलं तर आतून पोकळ, धड अशी एकच फळी निघाली. नव्या घराच्या पाटीवर मालकांचं नाव त्याच लाकडात पाहिजे, एवढंच बाईंचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. फळी ठेवताना म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, ही बिघडली तर दुसरी मागायला मी कुटं जाऊ?"

"माझ्या हातनं बिघडत न्हाई," मी म्हणालो.

वार गुरुवार. गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझा मुलगा हिंजवडीकडं दारं बसवायला निघाला होता, तो उंबऱ्यातच थांबला.

"आबा, अक्षरं झालीत न्हवं? मग रेघ संध्याकाळी ओढा. लाईटीचा भरवसा न्हाई."

"तू तुझी दारं बसव जा."

तो गेला नाही. हाताची घडी घालून उभा राहिला. तो बघतोय म्हटल्यावर मला थांबणं शक्यच नव्हतं.

मशीनचं बटण दाबून धरावं लागतं. माझा अंगठा आता तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून मी बाजूची खुंटी दाबून बटण अडकवून ठेवतो. तसं केलं आणि रेघ सुरू केली. पहिलं अक्षर गेलं, दुसरं गेलं. पिवळा भुसा मनगटावर उडत होता. चारातलं तिसरं अक्षर ओलांडलं आणि मशीनचा आवाज खाली खाली येत बंद पडला. लाईट गेली होती.

"बटण सोडवा," मुलगा म्हणाला.

"मशीन हललं तर रेघ फुटंल."

"मग मी प्लग काढतो."

"प्लगला हात लावायचा न्हाई."

माझ्या शेडमध्ये माझ्या मशीनच्या प्लगला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा नियम माझाच. दोन्ही हातांनी मशीन पट्टीला दाबून मी तसाच उभा राहिलो. वाटलं, दोन मिनिटांत येईल. आली नाही. कोपरं भरून आली. नाकावरचा घाम फळीवर टपकेल म्हणून मान वळवून धरली. मुलगा प्लगपाशी जाऊन उभा राहिला होता.

"आबा, काढू?"

"न्हाई."

"तुमाला लई वेळ धरवायचं न्हाई."

"तुझ्यापेक्षा जास्त धरवंल."

खरं तर बोटांना मुंग्या आल्या होत्या. डावा हात झटकायला म्हणून जरा सुटा केला, आणि तेवढ्यात लाईट आली. बटण अडकलेलंच होतं. मशीन उसळलं, पट्टी सोडून खाली आलं आणि तिसऱ्या आणि चौथ्या अक्षराच्या मधल्या कोऱ्या लाकडात घुसलं. मुलानं प्लग ओढला.

अंगठ्याएवढा खड्डा. मी खड्ड्याकडं बघत राहिलो. मुलानं वायर गुंडाळून बाजूला ठेवली. काही बोलला असता तर बरं झालं असतं, मला ओरडायला तरी मिळालं असतं.

फळीच्या मागच्या टोकाचा चार बोटं भाग कापायचाच होता. त्यातून लाकडाच्या रेषेला रेषा मिळेल असा तुकडा काढला. पटाशीनं खड्डा तिरका साफ केला, कारण आडवा जोड लगेच डोळ्यांत भरतो. गोंद लावून तुकडा ठोकला, आवळला, वाळू दिला, रंधा मारला. मग राहिलेली रेघ ओढली. ह्या वेळी बटण अंगठ्यानंच दाबून धरलं. दुपारचं जेवण दोघांनीही घेतलं नाही.

"दिसत न्हाई," मुलगा फळी उजेडाला धरून म्हणाला. "बाईंना कशाला सांगायचं? उद्या त्यांच्या घरात कार्य हाय."

मलाही तेच हवं होतं.

दिवेलागणीला बाई आल्या. फळीवरून हात फिरवला. एकेका अक्षरात बोट घालून बघितलं. तुकड्यावरूनही हात गेला, पण थांबला नाही.

"मिस्त्री, कुटं खोट म्हणून न्हाई."

ते ऐकलं आणि माझ्यानं गप्प बसवेना. बिनखोट काम मी केलं नव्हतं, त्याची शाबासकी कशी घेऊ? त्यांचं बोट धरून तुकड्यावर टेकवलं. "हितं हाय. लाईट गेली तवा बटण बंद केलं न्हाई. पोरगं सांगत हुतं, ऐकलं न्हाई."

त्या वाकून बघत राहिल्या. मग विचारलं, "तुकडा कशाचा?"

"तुमच्याच फणसाचा. ह्याच फळीचा."

"आन् पावसानं निघाला तर?"

"न्हाई निघायचा."

"बिघडत न्हाई, हे बी तुमीच म्हणला हुता."

मुलगा जमिनीकडं बघत होता. बाईंनी फळी लुगड्याच्या पदरात गुंडाळली, छातीशी धरली आणि निघून गेल्या.

पाटी फाटकाच्या खांबावर लागली. फणस आता गडद होत चाललाय, तुकडाही सोबतच. त्या रस्त्यानं जाताना मी फाटकापाशी थांबतो आणि जोडावर नख फिरवून बघतो. बाई ओट्यावरूनच म्हणतात, "हाय अजून तितंच. जावा आता."

पहिल्या पावसाळ्यात म्हणाल्या, दुसऱ्यात म्हणाल्या. मी तरीही थांबतो.