आभार विरोधकांनी मानायचे

पश्चिम उपनगरांत सभा उधळण्याच्या कलेचं जेवढं नुकसान आमच्या कॉलेजच्या निवृत्त उपप्राचार्यांनी केलं, तेवढं पोलिसांनीही केलं नसेल. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे आणि व्याख्यानमाला चालवायचे. इतर कॉलेजांनी ज्याला नकार दिला, त्या वक्त्याचा फोन नंबर सरांकडे हमखास असायचा. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कशात काय मिसळलं की भडका उडतो हे मला कळतं. शिवाय शिस्त समितीही माझ्याकडे होती. सरांनी हो म्हणायचं आणि मी नाही म्हणायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची वाटणी होती.

सर विरोधकांना विरोधक म्हणत नसत, पाहुणे म्हणत. कोणी निषेधाचं निवेदन घेऊन आलं की त्याच्यासाठी आधी कॅन्टीनमधून वडे यायचे. मग निवेदन नीट वाचून सर सांगायचे, "फारच मवाळ झालंय हो, जरा कडक करा." सभेत पहिल्या रांगेतला सोफा या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असे. तो इतका खचला होता की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीशी यायचे, आणि घोषणा द्यायला उठायचं तर शेजाऱ्याचा हात धरावा लागायचा. मी एकदा तो भंगारात काढायला सांगितला, तर सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण सगळ्यात मोठा मान म्हणजे आभारप्रदर्शन. ते सर्वांत चिडलेल्या माणसाकडे जायचं. आभार मानायचे म्हणजे भाषण शेवटपर्यंत ऐकणं आलं, आणि आपल्याकडे माणूस कितीही तापलेला असो, हातात माइक आला की तो "व्यासपीठावरील सन्माननीय" असंच सुरू करतो. एका गृहस्थांनी तर वक्त्यापेक्षा जास्त वेळ आभार मानले. लोकांना इतकी भूक लागली होती की भांडायला कोणी थांबलंच नाही.

हे एकदा फसलं. पाहुणे सोफ्यात होते, पण बाहेरच्या गर्दीतून दगड आला, खिडकीची काच फुटली आणि पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या हाताला टाके पडले. सरांनीच तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर ते स्टाफरूममध्ये नुसते बसून राहिले. "आतल्यांना विचारलं, बाहेरच्यांना विसरलो," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मी माझं ठरलेलं भाषण गिळलं.

म्हणून पुढच्या वर्षी, उत्सवांचे मांडव रस्त्यावर नकोत असं लिहिणाऱ्या एका बाईंना त्यांनी बोलावलं, तेव्हा मी थेट त्यांच्या खोलीत गेले. वाकोल्याच्या एका उत्सव मंडळाच्या अध्यक्षाने कार्यक्रम बंद पाडण्याची धमकी दिली होती.

"सर, या वेळी नाही. मुलं आपल्या भरवशावर आत बसतात."

"मॅडम, मुलांनीच बोलावलंय त्यांना. काय सांगू मुलांना, भीती वाटते म्हणून?"

"सांगा. मला वाटते."

सरांनी माझ्यासमोर कोरा कागद सरकवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं करू. पण करू."

मी अटी घातल्या. तळमजल्यावरचा हॉल, ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, फाटकावर पोलीस, खिडक्यांजवळ कोणी बसायचं नाही. त्यांनी एकही नाकारली नाही. स्वतः मात्र वाकोल्याला गेले. अध्यक्ष आमचाच जुना विद्यार्थी निघाला. सरांनी त्याच्या घरी चहा घेतला, आभारप्रदर्शन त्याच्या गळ्यात मारलं आणि बाहेर पोरं तुझी असतील तर जबाबदारीही तुझी, असं बजावून परत आले.

कार्यक्रमाला अध्यक्ष आला आणि सोफ्यात बुडाला. बाई बोलल्या, आणि चांगलंच तिखट बोलल्या. शेवटी त्याला दोघांनी ओढून उभं केलं. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "बाईंचं एकही वाक्य मला पटलं नाही." माझं लक्ष दारांकडे. "पण सरांना शब्द दिलाय, म्हणून आभार. आणि बाई, हिंमत असेल ना, तर आमच्या मांडवात येऊन हेच बोलून दाखवा."

बाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "कधी येऊ?"

तोच आधी हसला. मग सगळा हॉल हसला, आणि फाटकाबाहेरच्या पोरांना तो स्वतः घेऊन गेला.

आता सर मुलुंडला राहतात आणि उपप्राचार्यपद माझ्याकडे आलं आहे. गेल्या महिन्यात मुलांनी असाच एक अडचणीचा वक्ता मागितला. समितीतले सगळे एका सुरात नको म्हणाले. मीही तेच म्हणणार होते, पण आधी रविवारी सरांकडे जाऊन आले. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. मला सगळं ओरडून सांगावं लागलं, बहुधा शेजारच्या फ्लॅटनेही ऐकलं असेल. शेवटी मी विचारलं, तुम्ही इतकं बिनधास्त हो कसं म्हणायचात?

सरांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्ही नाही म्हणायचात ना, म्हणून," ते म्हणाले. "तुम्ही नसतात तर मी पहिल्याच वर्षी घाबरलो असतो."

सोमवारी मी मुलांना होकार कळवला. पोलिसांशी बोलले, अटी ठरवल्या, समितीनेही मुकाट सह्या केल्या. कार्यक्रम शुक्रवारी आहे. हो मीच म्हटलं आणि नाहीसुद्धा मीच म्हटलं. खोलीत येऊन कोणी एका शब्दाने माझ्याशी भांडलं नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.