वीस डिग्रीची खोली

श्रीपाद मोकाशी जे ऐकायचा त्याला गाणं म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. वीस-वीस मिनिटं गिटार आणि ड्रमचा दणदणाट, मध्येच ऑर्गन, मग एकदम सामसूम, आणि गाणारा कोणी नाहीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, गाणारा त्या दिवशी रजेवर होता का. श्रीपाद हसला नाही. त्याने रेकॉर्डवरची सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली आणि म्हणाला, "आता नुसते ड्रम ऐक." मी पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा माणूस, ठोक्यातला फरक मला झोपेतही कळतो. तो वाजवणारा दर सातव्या ठोक्याला मुद्दाम अडखळत होता. त्या दिवसापासून मी दर गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्याकडे जाऊन बसायला लागलो.

तो राहायचा दापोडीला, रेल्वेलाइनच्या कडेला, दोन खोल्यांत. वर पत्रे. लोकल आली की जमीन हादरायची आणि सुई उडून रेकॉर्डवर ओरखडा जायची भीती. म्हणून श्रीपादने लोकलच्या वेळा पाठ केल्या होत्या. गाडी यायच्या आधी तो उठायचा, सुई उचलून धरायचा, गाडी गेली की जिथली तिथे ठेवायचा. त्या सुईला त्याच्या बायकोनेही, चित्रावहिनींनीही, हात लावलेला त्याला चालायचा नाही.

पहिली रेकॉर्ड त्याला एका जर्मन इंजिनियरने दिली होती. एकाहत्तर साली तो आमच्या कंपनीत मशीन बसवायला आला होता आणि जाताना सामान कमी करत होता. बाकीच्या रेकॉर्डी श्रीपादने पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि कोरेगाव पार्कात आश्रमासाठी आलेल्या केसाळ गोऱ्यांकडून मिळवल्या. तिथला कोणी गोरा मायदेशी निघाला की ह्याला वास लागायचा. त्या संगीताची प्रोग्रेसिव्ह, सायकेडेलिक असली नावं तो सांगायचा, मी मान डोलवायचो. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात पत्र्याच्या उष्णतेने त्यातल्या सहा रेकॉर्डी वाकल्या. तेव्हा वहिनींनी मला सांगितलं होतं की हे दोन दिवस जेवले नाहीत.

मग त्याने जे केलं ते आमच्याच कंपनीतल्या माणसाला सुचावं. श्रीपाद स्टँडर्ड रूममध्ये होता. गेज आणि मापं तपासायची ती खोली. उन्हाळा असो की पावसाळा, तिथे एसी लावून बरोबर वीस डिग्री ठेवायचे, कारण उष्णतेने लोखंडसुद्धा वाढतं. अख्ख्या कारखान्यात माणसासाठी पंखा नव्हता, पण मापांसाठी एसी होता. श्रीपादने ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये घालून एकेक रेकॉर्ड आत नेली आणि पश्चिमेच्या काचेजवळच्या लोखंडी कपाटात, जुन्या ड्रॉइंगांच्या मागे, उभी लावली. बुधवारी एक घरी आणायची, शुक्रवारी परत न्यायची. गेटवरच्या मारुतरावांना ठाऊक होतं, पण ते डोळेझाक करायचे. साहेबाला कळलं असतं तर नोकरीच गेली असती.

एकोणऐंशीच्या एप्रिलमध्ये, एका गुरुवारी सकाळी, पगारवाढीच्या वादात कंपनीने टाळं ठोकलं. आत छत्तीस रेकॉर्डी होत्या, घरी एक.

कंपनीने गेटबाहेर टेबल मांडलं. चांगल्या वागणुकीच्या हमीपत्रावर सही करायची आणि सरळ कामावर जायचं. आम्ही युनियनवाल्यांनी ठरवलं की सही कोणी करायची नाही. मी कमिटीवर होतो. टेबलापासून दहा पावलांवर वही घेऊन बसायचं आणि जो सही करील त्याचं नाव लिहायचं, हे माझं काम. ज्याचं नाव वहीत चढलं त्याच्या दारात आमच्यातलं कोणी जाणार नव्हतं, लग्नाला नाही आणि मयतालाही नाही. तसं आम्ही शपथ घेऊन ठरवलं होतं.

श्रीपाद रोज दुपारी दोनला गेटवर यायचा. कुठूनसा एक थर्मामीटर त्याने पैदा केला होता. माझ्याजवळ उभा राहायचा, त्यातला पारा बघायचा आणि आकडा सांगायचा. "छत्तीस." दुसऱ्या दिवशी "सदतीस." गेटवरून स्टँडर्ड रूमच्या काचेतून त्या कपाटाची एक कड दिसायची. एसी बंद होता. तीननंतर ऊन थेट त्या कपाटावर यायचं आणि साडेसहापर्यंत हलायचं नाही. आम्ही दोघं ते बघत बसायचो. मला त्याचा राग यायचा. माझ्या घरात दूध बंद झालं होतं, आणि हा गृहस्थ आकडे सांगत होता.

मे लागला तसा आकडा चाळिशीवर गेला. एक दिवस चित्रावहिनी माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, ह्यांना एक दिवस आत जाऊ द्या. सही करतील, कपाट रिकामं करतील आणि दुसऱ्या दिवशी परत तुमच्यात येऊन बसतील. वहीत नाव लिहू नका, एवढंच."

मी म्हणालो, "वहिनी, सही म्हंजी सही. एका दिवसाची असो का जन्माची."

त्या गेल्या. मला वाटलं आपण फार खरं वागलो. ती ऐट मला दोन दिवस पुरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी श्रीपाद आला तो माझ्याजवळ थांबलाच नाही. तडक टेबलाशी गेला. टेबलामागच्या अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. श्रीपादने पेन उचललं. मी वही उघडली. आमची पन्नास-साठ माणसं झाडाखाली होती, ती उठून उभी राहिली. सही केली की तो तासाभरात आत जाऊन एसी लावणार होता, आणि मी त्याच्या घरची पायरी पुन्हा कधी चढणार नव्हतो. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको.

त्याने पेनला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. थर्मामीटर काढला. "एक्केचाळीस," म्हणाला.

टाळं एकाहत्तर दिवस चाललं. बाहत्तराव्या दिवशी पुढाऱ्यांनी समझोता केला. पगारात थोडी वाढ, बारा जण नोकरीबाहेर, आणि प्रत्येकाने हमीपत्रावर सही करून कामावर जायचं. त्याच टेबलावर, त्याच अधिकाऱ्यासमोर रांग लागली. कमिटीवाल्यांनी आधी सह्या करून लोकांना धीर द्यायचा असं ठरलं होतं. मी दुसरा होतो. सही करून मागे वळलो तर रांगेत श्रीपाद. त्याने कागद हातात घेतला, मापाचा कागद वाचावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला.

"ज्योतीराम, हाच कागद होता ना?"

"व्हय," मी म्हणालो.

मी त्याच्या मागोमाग स्टँडर्ड रूममध्ये गेलो. त्याने कपाट उघडलं, एक रेकॉर्ड काढली आणि सरफेस प्लेटवर ठेवली. त्या लोखंडी पाटावर केसाएवढा उंचसखलपणाही पकडतात. रेकॉर्डच्या कडेखालून श्रीपादचं अख्खं बोट गेलं. दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. उन्हात वाळलेल्या पापडासारख्या सगळ्या वर आल्या होत्या. त्याने छत्तीसच्या छत्तीस बघितल्या, एकही सोडली नाही. मग ज्याच्या त्याच्या कव्हरात घालून जागच्या जागी लावल्या, एसीचं बटण दाबलं आणि गेजचा डबा उघडून कामाला बसला. शिफ्ट सुरू झाली होती.

दोन गुरुवार माझी जायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या गुरुवारी गेलो. त्याने शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं, पण त्याने नुसती चटई पुढे सरकवली. वहिनींनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. घरी राहिलेली ती एकुलती एक रेकॉर्ड त्याने लावली, त्याच सातव्या ठोक्याला अडखळणाऱ्या ड्रमची. आम्ही दोघं नेहमीसारखे भिंतीला टेकून बसलो.

सव्वापाचची लोकल यायची वेळ झाली. मी त्याच्याकडे बघितलं. तो उठला नाही. रूळ वाजायला लागले, कपाटावरची भांडी हलली, तरी उठला नाही. समोर बघत बसला होता. मग मीच उठलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या सुईला हात लावला, हलकेच उचलली आणि सगळी गाडी जाईपर्यंत तशीच धरून उभा राहिलो. डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात होता, पण तो हलवायचीही भीती वाटत होती.

गाडी गेली. जमीन शांत झाली.

"ठेव आता," श्रीपाद म्हणाला.