दक्षिणेकडची सावली

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर मोजमाप करत होतो. सौरपॅनेल स्वतःच बसवायची, असा दीड लाखांचा बेत होता. टेपचं दुसरं टोक शेजारच्या नानांनी धरलं होतं.

"नाना, दक्षिणेला तुमचं घर. मजला चढवणार नाही ना?"

"आता कुणासाठी चढवू? बसवा बिनघोर."

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या नव्या मजल्याची सावली माझ्या तीन पॅनेलवर पडली. सूर्य वर्षभर कुठून जाईल, हे मी अंशांत काढलं होतं. नानांचा शब्दही पडताळून घ्यावा, हे वीस वर्षांच्या शेजारात मनातसुद्धा आलं नाही.

मी पॅनेल उत्तरेला सरकवून घेत असताना नाना पलीकडून म्हणाले, "सावली पडते हे सांगायचंत की, सरकवायचा निम्मा खर्च दिला असता."

पॅनेलचा सांगाडा हलवणाऱ्या वेल्डरला नऊ हजार मीच दिले.