खर्जाच्या सुरांचा लिलाव

कृष्णेवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मार्गशीर्षातली सकाळ. पेठेतल्या पत्र्यांवरून दव टपटपत होतं, आणि इलियासभाई शिकलगार शटर अर्धं वर करून आत चामडं चिकटवायचा सरस तापवत बसले होते. गारठ्यात सरस धरायला वेळ घेतो. म्हणून थंडीत भात्याचं काम ते सकाळीच उरकून घ्यायचे. फाटलेल्या घडीवर चामड्याची पट्टी बसवायची, बोटानं दाबत न्यायची, वर दोन विटा ठेवायच्या आणि मग चहा.

सांगलीत हार्मोनियम म्हणणारे लोक गाण्याच्या क्लासला जातात. बाकी सगळे पेटीच म्हणतात. इलियासभाईंकडं पंचक्रोशीतल्या पेट्या यायच्या. शाळांच्या, देवळांच्या, भजनी मंडळांच्या. उंदरानं भाता कुरतडलेल्या, पोरांनी पट्ट्या उचकटलेल्या. पेटी आली की ते आधी कान लावून तिचा श्वास ऐकायचे आणि म्हणायचे, “हिला दमा हाय.” किंवा, “ही धडधाकट हाय, वाजवणाराच बेसूर हाय.”

एक पेटी मात्र पाच वर्षं फडताळावर पडून होती. आष्ट्याच्या दगडाबाईंची.

दोन हजार एकोणीस साली पुरात कृष्णा पेठेत शिरली, तेव्हा हाताला लागतील तेवढ्या पेट्या त्यांनी माळ्यावर टाकल्या. दगडाबाईंची पेटी आदल्याच दिवशी भाता बदलायला आलेली. माळ्यावर जागा उरली नाही, म्हणून ती त्यांनी फडताळावर उभी करून ठेवली, डावी बाजू खाली. पाणी फडताळावर चढलं आणि पेटीच्या निम्म्यापर्यंत येऊन थांबलं. पूर ओसरल्यावर पाहिलं, तर उजवीकडचे सूर शाबूत, डावीकडचे सगळे गाळात. पेटीवाले ज्यांना सूरच म्हणतात त्या पितळेच्या जिभा धुतल्या, वाळवल्या, घासल्या. पट्टी दाबली की सूर न निघता खोकला निघायचा. गेले ते नेमके खर्जातले सूर. आणि दगडाबाईंचं सगळं गाणं खर्जात. त्यांच्या मंडळातल्या बायका हसून म्हणायच्या, “आक्का, तुमी म्हणाया लागला की माळकऱ्यांनी मिशा सावरून बसावं बगा.”

पेटीचे सूर जुने, पॅरिसचे. आता तसे कुणी बनवत नाही. इलियासभाईंनी गुमान इथले नवे सूर बसवून दिले. दगडाबाई येऊन बसल्या, दोन पट्ट्या दाबल्या, थोडं गुणगुणल्या.

“वाजतीया,” म्हणाल्या. “पर ही आमची न्हाई.”

“मावशी, तसलं सूर मिळत न्हाईत आता.”

“मग असू दे हितंच. मिळालं की बसीव.”

एवढं बोलून बाई बसस्टँडवर गेल्या. नंतर कधी फोन नाही, निरोप नाही, तगादा नाही. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर इलियासभाईंना बरं वाटलं असतं. बाई ऐंशीकडं झुकलेल्या. आवाज अजून होता, पण तो काय कुणाच्या सुरांची वाट बघत बसणार होता? इलियासभाईंनी फडताळाकडं बघणंच कमी केलं होतं.

पाचव्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या बायकोनं, परवीननं, फोन पुढं केला. परवीन दुकानामागच्या घरात शिवणकाम करायची आणि जुन्या मशीनचे सुटे भाग एका लिलावाच्या साइटवरून मागवायची. तिथं पाँडिचेरीचा कुणी माणूस मोडक्या पेट्यांचे भाग विकायला बसला होता. फोटोत लाकडी फळीवर ओळीनं बसवलेले पितळी सूर होते. इलियासभाईंनी चष्मा कपाळावर ढकलून फोटो मोठा केला. कडेला बारीक ठसा होता. पॅरिसचाच.

लिलाव म्हटल्यावर दादासोंना बोलावणं आलंच. दादासो शेजारच्या गल्लीतले. हळदीच्या सौद्यात उभी हयात पुकारा करून निवृत्त झालेले. आता बायकोशी बोलतानाही त्यांचा आवाज ढिगाच्या पलीकडं पोचायचा.

“ह्यात काय हाय गड्या?” दादासो खुर्ची ओढून बसले. “सौदा म्हंजी सौदा. समोरच्याला दाखवायचं, आपून हटत न्हाई. त्यानं बोली लावली की लगीच वर बोलायचं. दोनदा-तीनदा झालं की त्येचं त्वांड बंद होतंय.”

इलियासभाईंनी बोली लावली. फोननं लगेच सांगितलं, तुमच्या पुढं कुणीतरी आहे. एका पायरीनं. त्यांनी पुन्हा चढवली. बोट उचलतंय तोवर तो पुन्हा पुढं, एकाच पायरीनं.

“आयला, फोनला चिकटूनच बसलाय जनू!”

“हान वर,” दादासो म्हणाले.

पुन्हा तेच. इलियासभाईंच्या डोळ्यांपुढं तो माणूस उभा राहिला. जाडजूड, गळ्यात साखळी, हातात फोन, त्यांच्यावर हसणारा. त्यांचे कान तापले. तिसरी, चौथी, पुढच्या तर मोजल्याही नाहीत. आणि मग अचानक तो थांबला. पडद्यावर इलियासभाईंचं नाव वर आलं.

“दमला गडी!” दादासोंनी मांडीवर थाप मारली. “आता गप बसायचं. एक वार... दोन वार...”

घड्याळ उलटं सरकत होतं. दोघं फोनवर वाकले. शेवटचे काही सेकंद उरले, आणि दादासो ‘तीन वार’ म्हणायला तोंड उघडतायत तोवर पडदा हलला. कुणी तिसराच आला, एका बोलीनं पुढं गेला, आणि लिलाव संपला. इलियासभाईंचा अंगठा हवेतच राहिला.

मग दादासो उठून उभे राहिले.

“ह्येला सौदा म्हंत्यात? मी ढिगावर हुबा असायचो तवा कोपऱ्यातला येपारी नुसता खाकरला तरी थांबायचो. मानसाचं त्वांड उघडं असताना सौदा तोडत न्हाईत! हितं पुकारा करनारा कोन हाय? त्येला फोन लावा.”

“घड्याळ हाय,” आतून परवीन म्हणाली. “त्येला लावा फोन.”

ती हातातलं शिवण घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

“आवं, तुमी ज्याच्यासंगं भांडत हुता ना, त्यो मानूस नव्हताच तिथं. त्यानं सकाळीच साइटला सांगून ठिवलेलं, माझा शेवटचा आकडा हा. आन् गेला आपल्या कामाला. पुढचं मशीन बगतंय. कुणी वर बोललं की त्याच्यातर्फे एकच पायरी चढवायची. जास्त न्हाई. त्येचा आकडा संपला की मशीन गप.”

“म्हंजी मी मशीनवर चिडलो व्हय?”

“कान लाल झालेलं तुमचं. मी बगितलं.”

“आन् त्यो शेवटचा चोर?” दादासोंनी विचारलं.

“चोर कसला. त्यो धूर्त. दिवसभर लपून बसला. आदी बोलला असता तर तुमच्यासारखी मानसं इरेला पेटून भाव चढवत्यात. म्हणून त्यो शेवटच्या क्षनाला आला. तुमी पायरी-पायरीनं चढत हुता, तुमाला चढाया टाइमच उरला न्हाई. आदीच शेवटचा आकडा सांगून ठिवला असता, तर तुमच्यातर्फे मशीननं त्येला तितल्या तितं उत्तर दिलं असतं. मग त्येचा आकडा तुमच्यापरीस खरंच मोठा असंल तरच त्यो जिंकनार.”

इलियासभाई सरसाच्या भांड्यातली काडी फिरवत राहिले. समजलं होतं. पचत नव्हतं. तीस वर्षं त्यांनी चामडं घेतलं, लाकूड घेतलं, पेट्या विकल्या, पण शेवटचा भाव पहिल्यांदा कधी सांगितला नव्हता. कसाबाशी सुद्धा नाही. शेवटचा आकडा माणसानं दुकानाची पायरी उतरताना, मागं वळून सांगायचा असतो.

“आदीच सांगितला तर ऱ्हायलं काय आपल्याजवळ?” ते म्हणाले. “त्यो पाँडिचेरीवाला बगनार, ह्यो गिऱ्हाईक इतकं देतोय, आन् तितकंच घेनार.”

“त्येला दिसत न्हाई. कुणालाच दिसत न्हाई. फक्त मशीनला.”

दादासो दारापर्यंत गेले होते, ते तिथून फिरले.

“थांब, थांब. कुणाला दिसत न्हाई?”

“न्हाई.”

“अरं मग ह्ये रुमालाखालचं झालं की!” त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, इलियासभाईंचा हात धरून त्याच्याखाली घेतला आणि बोटं दाबली. “आमच्या थोरल्या मालकाच्या वक्ताला हळदीचा भाव असाच हुयाचा. त्वांडानं एक अक्षर न्हाई. रुमालाखाली बोटं दाबायची. शेजारचा बघतोय, पर त्येला दिसतोय नुसता रुमाल. तितं मानूस खरा आकडा सांगायचा, गड्या. कारन ऐकनारा एकच. तसला रुमाल हाय ह्यो.”

“व्हय,” परवीन म्हणाली. “रुमालच.”

इलियासभाईंनी टॉवेलाखालचा हात लगेच काढला नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस ती साइट रोज सकाळी उघडली जायची. आणि एक दिवस त्याच पाँडिचेरीवाल्यानं दुसरी फळी लावली. ही नुसती खर्जाची. पहिल्या फळीत हवे तेवढे सूर होते, ह्या फळीत हवे तेच होते. इलियासभाईंनी फोटो मोठा करून एकेक सूर मोजला. अशी तिसरी फळी येईल याची काही खात्री नव्हती.

“आकडा किती टाकायचा?” परवीननं विचारलं.

“जिंकंल इतका.”

“तसा आकडा नसतो. तसं म्हनून दोन मानसं येकमेकाला बुडवत्यात. ज्येच्या पुढं गेलं की तुमी ‘जाऊ दे’ म्हनाल, त्यो सांगा.”

यावर त्यांनी चार दिवस घेतले. दुकानाच्या कोपऱ्यात एक पेटी होती, सागवानी, त्यांनी स्वतःसाठी जमवलेली. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की तिच्यावर ते एकटेच काहीबाही वाजवायचे. वाईच्या एका शाळेतल्या बाई ती दोनदा मागून गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला होता. चौथ्या दिवशी त्यांनी वाईच्या बाईंना फोन केला.

“ती पेटी इकली तर येतील तेवढं,” ते परवीनला म्हणाले. “त्येच्या पुढं गेलं तर जाऊ दे. मग मी मावशीकडं जाऊन तोंडानं सांगीन, जमलं न्हाई म्हनून.”

लिलाव संपायच्या दिवशी सकाळी आकडा टाकायचा ठरला. आधी टाकला तर पायरी-पायरीनं चढणारी माणसं पेटतात, आणि अगदी शेवटाला टाकावा तर पेठेतल्या रेंजचा भरवसा नाही, असं परवीनचं म्हणणं. दादासोंची एकच अट होती.

“गोल आकडा टाकू नगंस. गोल सगळीच टाकत्यात. वर अकरा रुपय टाक.”

अकरा रुपये वर टाकले गेले. मग परवीननं फोन काउंटरवर उभा करून ठेवला आणि इलियासभाई भात्याकडं वळले. संपायची वेळ आली तेव्हा त्यांची दोन्ही हातांची बोटं सरसानं माखलेली होती. वाटलं असतं तरी फोनला लावता आली नसती.

“एक वार,” दादासो हळू म्हणाले. त्यांचं हळू म्हणजे रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं मागं वळून बघावं इतपत.

भाव खालीच होता. एकच गडी मागं, तोही मघाशी थांबलेला.

“दोन वार.”

चामड्याची घडी सरळ बसली. इलियासभाई अंगठ्यानं कड दाबत होते.

“आला!” दादासो ओरडले. “चोर आला! आरं, क्येवढा चढला!”

पडद्यावरचा भाव एकदम उडाला होता. इलियासभाईंनी मान वर केली नाही. कडेला एक बुडबुडा राहिला होता, तो त्यांनी दाबून बाहेर काढला.

“कुनाचं नाव हाय वर?” त्यांनी विचारलं.

“तुमचं,” परवीन म्हणाली. “त्यानं आकडा टाकला, मशीननं त्येच्यावर एक पायरी टाकली. तुमचा शेवटचा आकडा थोडा लांबच ऱ्हायला. संपला लिलाव.”

दादासो टॉवेलानं तोंड पुसत होते. भाव इलियासभाईंच्या आकड्यापर्यंत पोचलाच नव्हता, म्हणजे त्या अकरा रुपयांचं कामच पडलं नव्हतं. पण तेव्हापासून पेठेत ते सांगत आलेत की सौदा अकरा रुपयांनी तारला, आणि इलियासभाईंनी कधी दुरुस्ती केलेली नाही.

सूर कापसात गुंडाळून आले. कोपऱ्यातली सागवानी पेटी वाईला गेली. इलियासभाईंनी एकेक जीभ हलक्या हातानं घासून सुरात आणली, उजवीकडच्या जुन्या सुरांशी जुळवली, आणि आष्ट्याला फोन केला.

ही ती धुक्याची सकाळ. दगडाबाई पहिल्या बसनं आल्या, पदर डोक्यावरून, कानाला मफलर. अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरल्या, सतरंजीवर बसल्या आणि पेटी पुढं ओढली. भाता हलला. डावीकडची पट्टी त्यांनी बराच वेळ दाबून धरली. मग त्याच उंचीवर, म्हणजे त्याच खोलीवर, त्यांनी आवाज लावला. आवाजाला जरा कंप होता. पण तो सुरात जाऊन बसला. फडताळावरचा चहाचा रिकामा ग्लास बारीक थरथरला.

“मावशी?” इलियासभाईंना विचारायचं होतं ते एवढ्याच शब्दात आलं.

दगडाबाईंनी दुसरी पट्टी दाबली, मग पुन्हा पहिली.

“पयली न्हवं ही,” त्या म्हणाल्या. “पर पयलीची भईन हाय. वळखीची वाटतीया.” आणि भाता न थांबवता, “शटर वर कर की रं लेका, अंधारात बसलायस व्हय?”

इलियासभाईंनी उठून शटर वर केलं. धुकं विरत होतं. मागं खर्जात काहीतरी सुरू झालं होतं, चहावाला ऐकत दारात थांबला होता. ते आपल्या जागेवर आले, सरस आळत आला होता, त्यात चमचाभर पाणी घातलं आणि पुढची चामड्याची पट्टी कापायला घेतली.