टेकडीच्या फाटकाची किल्ली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं करायला नव्हे. आणि कीव तर अजिबात करू नका — कीव करणाऱ्यांचा मला राग येतो.

राग मला पहिल्यापासूनच फार.

झाशीत आमच्या कॉलनीला लागून एक वस्ती आहे, आणि दोन्हींच्या मागे दगडांची टेकडी. टेकडीपलीकडे शाळा. टेकडीवरून नीट पायवाट करायची, ही कल्पना माझी. मराठी मंडळातल्या बायका मी जमवल्या, कॉलनी समितीच्या मोघेकाकांना मी राजी केलं, वस्तीलाही मीच हाताशी धरलं — आणि तिथेच बिनसलं. कारण वस्तीतून रामकली आली.

गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन आली. आमच्या बायका फोटो काढून घरी पळायच्या — त्यांचाही मला तिटकारा होता — आणि ही उन्हं चढेपर्यंत घमेली वाहायची, वर हसायची, गाणी म्हणायची. अर्ध्या वाटेवर कडुनिंबाखाली त्या बायकांनी बसायला दगडी ओटा बांधला. लोक त्याला 'रामकली का चबूतरा' म्हणू लागले. माझं नाव? ते कुणाच्या तोंडी नव्हतं. तिनं माझं काय वाईट केलं होतं? काहीच नाही. म्हणून तर जास्त जळले.

एका दुपारी टेकडीवर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी वर गेले. सिमेंट अजून पक्कं धरलं नव्हतं. तिथेच पडलेल्या पहारीनं ओट्याचे दगड उचकटले आणि खाली झुडपांत ढकलून दिले. घरी आले, हात धुतले, चहा केला.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे मोडक्या ओट्याभोवती जमले. आम्हा इथल्या मराठी लोकांना एक खोड आहे. समोरच्याला कळू नये असं काही असलं, की मराठीत बोलायचं. मी रामकलीच्या देखत मोघेकाकांना म्हणाले, "वस्तीतल्यांनीच दगड नेले. मी डोळ्यांनी पाहिलंय." ती शेजारीच उभी होती, लोटा पुढे करून.

"जिज्जी, पैलें पानी पी लो, भौत घाम है."

जिज्जी म्हणजे ताई, आणि घाम म्हणजे तिच्या बोलीत ऊन. मी प्यायले. तिच्याच हातचं पाणी.

समितीनं वस्तीशी संबंध तोडला. पायथ्याला तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, किल्ल्या फक्त कॉलनीकडे. वस्तीतली पोरं त्या वाटेनं शाळेत जायची, ती आता हायवेच्या कडेनं ट्रक चुकवत जातात. रामकली माझ्याच दारी आली. "जिज्जी, तुम कै दो उनसें. तुमाई बात मानत." मी हो म्हणाले. सांगितलं? नाही. उलट तिचा माझ्यावर भरवसा आहे, याचाच संताप आला. ज्याचं वाईट केलं त्याचाच राग — तुम्हाला आलाय कधी?

मी अजून रोज सकाळी टेकडीवर जाते. फाटकापाशी कधी कधी रामकली भेटते. नातवाचं दप्तर खांद्याला, त्याचा हात घट्ट धरलेला, हायवेकडे निघालेली. "राम-राम, जिज्जी." मी 'राम-राम' म्हणते, आत जाते आणि कुलूप लावून घेते.